आधी एक कोपरा, मग घर

मांजर घरी आणायचं ठरलं की पहिलं काम निघतं ते खिडकीचं. मुनिरक्यात तर हमखास. दक्षिण दिल्लीतलं हे टोकस जाटांचं जुनं गाव. शेतजमिनी गेल्या, भोवती रामकृष्ण पुरम, वसंत विहार, जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभं राहिलं, आणि लाल डोऱ्याच्या, म्हणजे गावठाणाच्या हद्दीच्या, आत अडकलेलं गाव आडवं पसरता येईना म्हणून उभं वाढत गेलं. चार-पाच मजली इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की समोरच्या गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल हात लांब करून काढता यावा. खोल्यांमधून विद्यार्थी, स्पर्धा परीक्षावाले, ईशान्येकडून आलेली मुलंमुली, नुकती नोकरी लागलेले लोक राहतात. माणसाला हवेशीर न वाटणारी ही दाटी मांजराला मात्र सरळ रस्ता वाटते: खिडकीतून समोरची गॅलरी, तिथून कुणाचा तरी कूलर, पाण्याचा पाइप, वायरींचं जंजाळ, आणि खाली आउटर रिंग रोडची रहदारी.

सोलापूरहून पीएच.डी.साठी आलेली एक मुलगी आणि तिची अनुवादाची कामं करणारी अमरावतीची मैत्रीण, अशा दोघी इथे तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात. त्यांना दोन मांजरं दत्तक हवी होती. वाचवलेली मांजरं स्वतःच्या घरी सांभाळून पुढे चांगल्या घरी देणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे आधी फोटो मागितले. स्वतःचे नव्हेत, खिडक्यांचे. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या भोकाचा, गॅलरीचा, जिन्याकडे उघडणाऱ्या दाराचासुद्धा. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी त्यांनी फोटोतच नापास केली, कारण मांजर ती दातांनी आणि नखांनी फाडतं. लोखंडी जाळी चौकटीला स्क्रूने बसवून घ्या, मग बोलू, असं कळवलं.

ही अट कडक वाटते, पण तिच्यामागे अनुभव आहे. मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर उतरतं, ही समजूत अर्धीच खरी. १९८७ साली न्यूयॉर्कच्या दोन पशुवैद्यांनी उंचावरून पडून दवाखान्यात आलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली सुमारे नव्वद टक्के वाचली. हा आकडा लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. पण ती जिवंत दवाखान्यापर्यंत पोचलेली मांजरं होती, आणि त्यांच्यात छातीला मार बसलेली, जबडा फुटलेली, पाय मोडलेली मांजरं भरपूर होती. दिल्लीत आणखी एक धोका एप्रिलमध्ये येतो. खिडकीत कूलर बसवायला माणूस येतो, जाळीचा तुकडा कापतो, कूलर बसतो आणि बाजूला वीतभर फट राहून जाते. मांजराला तेवढी पुरते. डोकं गेलं की बाकीचं शरीर जातंच.

मांजरांचा प्रश्न या शहरात कुणाच्या लक्षातच नसतो. २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाचे पाठोपाठ दोन आदेश आले आणि देशभर वादाचा धुरळा उडाला. मांजर टोळीने भुंकत नाही, गाडीमागे धावत नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुणी भांडतही नाही. डिफेन्स कॉलनीच्या उड्डाणपुलाखाली १९७९पासून काम करणाऱ्या फ्रेंडीकोजसारख्या संस्था आहेत, पण तिथे जागेपेक्षा जखमी प्राणी नेहमीच जास्त. उरलेला भार घरातल्या एखाद्या बाथरूमला इस्पितळ करणाऱ्या माणसांवर पडतो, आणि त्यांच्याकडची जागा रिकामी व्हायची तर मांजर दुसऱ्या घरात नीट रुळावं लागतं. ते न रुळता परत आलं, तर पुढच्या पिल्लाची वाट बंद. रुळवण्याचं हे काम म्हणूनच हौसेच्या पलीकडचं आहे.

या दोन मांजरांपैकी एक भाटी, अंदाजे तीन वर्षांची, काळी, छातीवर पांढरा ठिपका. तिचं नाव काजळ ठेवलं. भाडेकरू खोली सोडून गेले तेव्हा तिला मागेच ठेवून गेले होते. दुसरा चार महिन्यांचा तांबूस बोका, गूळ. थंडीत उबेसाठी गाडीच्या बॉनेटखाली शिरलेलं हे पिल्लू मेकॅनिकने इंजिनाजवळून काढलं. सांभाळणाऱ्या बाईंकडे दोघं एकत्र वाढले, काजळने त्याला चाटून चाटून आपलं केलं. बाईंनी त्यांना वेगळं द्यायला साफ नकार दिला. एकट्या मांजराला नव्या जागेत वाटणारी भीती सोबतीने निम्मी होते, असं त्यांचं म्हणणं, आणि पुढे जे दिसलं त्यावरून ते पटतं.

दोघांची नसबंदी आणि लसीकरण झालं होतं. गुळाचा रेबीजचा बूस्टर तेवढा बाकी होता. पॅनल्यूकोपेनिया हा पिल्लांचा कर्दनकाळ. त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, म्हणून आधी या घरात एखादं पिल्लू आजारी पडून गेलं होतं का, हेही दत्तकाच्या अर्जात विचारलेलं होतं. फरशी पुसायला एका भागाला ३२ भाग पाणी घातलेलं ब्लीच चालतं, मग ती साध्या पाण्याने पुसून कोरडी करायची. काळं फिनाईल मात्र घराबाहेर. मांजर फरशीवरून चालतं आणि पाय चाटतं. फिनॉलच्या जातीची द्रव्यं निकामी करण्याची शक्ती त्याच्या यकृतात फार कमी असते. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही याच कारणाने त्याचा जीव घेते. मुनिरक्यातल्या जिन्यांवर रोज सकाळी फिनाईल फिरतं. दोघींनी घरमालकिणीला विचारून आपल्या मजल्यापुरतं ते बंद करून घेतलं. मांजरांना तिची हरकत नव्हती. ‘पाल लो बेटा, पर बदबू नहीं आनी चाहिए,’ एवढंच ती म्हणाली.

मांजरं आली ती रिक्षातून, कॅरियरवर ओढणी टाकून. अंधारात मांजर कमी घाबरतं. घरी आल्यावर दोघींनी कॅरियर आतल्या खोलीत ठेवला, त्याचं दार उघडलं आणि त्या बाहेर निघून गेल्या. सगळ्यांत अवघड हेच असतं. इतक्या दिवसांची वाट, मित्रमैत्रिणी बघायला आलेल्या, हातात मोबाइल, आणि करायचं काय, तर काही नाही.

मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगत आली आहेत. नको असलेलं मांजर पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडायचे आणि ते परत दारात यायचं, अशा गोष्टी प्रत्येक गावात आहेत. यामागचं कारण वासाचं आहे. मांजर गाल, हनुवटी, अंग वस्तूंना घासून आपला वास ठेवत जातं आणि त्या खुणांवर त्याचा सगळा नकाशा उभा असतो. जागा बदलली की तो नकाशा एका झटक्यात पुसला जातो. मग अख्खं घर एकदम देणं म्हणजे उपकार नव्हे, शिक्षा होते. जाणकार एकच खोली द्यायला सांगतात: एका टोकाला खाणंपिणं, दुसऱ्या टोकाला मातीचा ट्रे, आणि मध्ये लपायला जागा. मोठ्या बंगल्यांतल्या लोकांना हे पटवावं लागतं. मुनिरक्यातल्या भाडेकरूकडे मुळात तेवढंच असतं, आणि या एका बाबतीत त्याची गैरसोय मांजराच्या सोयीची ठरते.

लपायची जागा बहुतेक घरांत चुकते. दिवाणाखाली किंवा गोदरेजच्या कपाटामागे मांजर शिरलं तर ते दिसत नाही, काढता येत नाही, जेवलं की नाही कळत नाही. या दोघींनी दिवाणाची खालची बाजू जुन्या सुटकेसी लावून बंद केली आणि कुरिअरची दोन पुठ्ठ्याची खोकी आडवी ठेवली, प्रत्येकाला दोन बाजूंनी वाट. २०१४ साली नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांवर हे तपासलं. ज्यांना लपायला खोकं मिळालं त्यांचा ताण पहिल्या दिवसांतच स्पष्टपणे कमी होता; बाकीच्यांना तिथवर यायला दोन आठवडे लागले. पुठ्ठ्याच्या खोक्याला काही पैसे पडत नाहीत. तरी लोक महागडे मखमली बिछाने आणतात आणि मांजर त्यावर बसत नाही म्हणून हिरमुसतात.

पहिल्या रात्री दोन्ही मांजरं एकाच खोक्यात होती. सकाळी वाटीतलं खाणं कमी झालेलं, ट्रेमध्ये उकरल्याची खूण. एवढ्यावर दोघी खूश झाल्या, आणि व्हायलाच हवं होतं. मोठं मांजर दोन-तीन दिवस काहीच खाईना तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि ते जिवावर बेततं. म्हणून चोवीस तास वाटी तशीच राहिली तर डॉक्टरला फोन. खाणं सुरुवातीला जुन्या घरचंच ठेवायचं. दूध नाही, ते बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. कुत्र्याचं खाणंही चालत नाही, कारण मांजराला टॉरिन आहारातूनच लागतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. ट्रेमध्येही जुन्या घरची थोडी माती मिसळली होती. दुकानातली, ओली झाली की गोळा होणारी लिटर म्हणजे बहुधा बेंटोनाइट, आपल्याकडे कच्छ आणि बारमेरच्या खाणींतून निघणारी. रस्त्यावर वाढलेल्या मांजराला ती पायाला अनोळखी लागते, पण नाकाला ओळखीचा वास आला की काम होतं.

मग सुरू झालं नुसतं बसणं. सोलापूरची मुलगी संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर, दाराजवळ, मांजरांकडे पाठ करून बसायची आणि प्रबंधाचं प्रकरण हळू आवाजात वाचायची. मांजराला आवाजाची सवय होते आणि हा माणूस माझ्याकडे काही मागत नाही हे कळतं. तिसऱ्या संध्याकाळी गूळ खोक्याबाहेर आला, तिच्या पायाचा अंगठा हुंगला आणि पळाला. आठवडाभरात तो मांडीवर होता.

काजळ हलेना. माणसांत राहिलेली मोठी भाटी आधी रुळेल, असा दोघींचा अंदाज होता. झालं उलटं. मांजराच्या पिल्लाला माणसाची ओळख पटण्याचा मोलाचा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्याचा. गूळ नेमका त्या वयात माणसांच्या हाती लागला. काजळला माणसं ठाऊक होती, आणि ती निघून जातात हेही तिने पाहिलेलं होतं. मांजराला असं आठवतं का, यावर वाद घालता येईल. पण दाराची कडी वाजली की तिचे कान आडवे व्हायचे, बाहुल्या मोठ्या व्हायच्या, शेपूट अंगाभोवती घट्ट, हे रोज दिसत होतं.

‘अगं, उचलून घेऊ या का एकदा?’ अमरावतीच्या मैत्रिणीने विचारलं.

‘नको. तिला यायचं तेव्हा येईल.’

हा नकार फार मोलाचा होता. एकदा जबरदस्तीने काढलेलं मांजर ते खोकंही सोडतं आणि मग त्याच्यापाशी काहीच उरत नाही. त्याऐवजी त्यांनी डोळ्यांची भाषा वापरली. मांजराकडे रोखून बघायचं नाही. अर्धवट डोळे मिटायचे, हळूच उघडायचे, मान वळवायची. २०२०मध्ये ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं: माणसाने असे संथ डोळे मिटले की मांजरंही तसं करतात, आणि अनोळखी माणसानेही तसं केलं तर पुढे केलेल्या हाताकडे अधिक वेळा येतात. हात खालून आणि बाजूने न्यायचा, डोक्यावरून कधीच नाही. लांब चमच्यावर उकडलेल्या चिकनची पेस्ट. रोज चमचा बोटभर जवळ.

प्राणी वाचवणाऱ्यांमध्ये एक हिशेब चालतो: तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे ओळखीचे, तीन महिने घराचे. धीर धरायला तो बरा, कॅलेंडर म्हणून वाईट. काजळ महिना उलटल्यावर, तेही दोघी जेवत असताना, बाहेरच्या खोलीत आली. तोवर आतलं दार दिवसातून थोडा वेळ उघडं ठेवायला सुरुवात झाली होती. तिने आधी भिंतीकडेने फेरी मारली, गॅसच्या सिलिंडरला गाल घासला, मग शिलाई मशीनच्या पायाला, मग दाराच्या चौकटीला. नकाशा पुन्हा काढायला घेतला होता. दोघी पोळीचा घास हातात धरून तशाच बसून राहिल्या.

जिथे आधीच मांजर असतं तिथे हे काम आणखी लांबतं. मुनिरक्याच्याच डीडीए फ्लॅट्समधल्या एका कुटुंबात जुना बोका होता. नवी भाटी बंद खोलीत. तिच्या अंगावरून फिरवलेला रुमाल त्याच्या ताटलीखाली आणि त्याचा तिच्या. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण. मग दाराला जाळी. तिला पहिल्याच दिवशी समोरासमोर आणली असती तर भांडण झालं असतं, आणि मांजरांचं पहिलं भांडण लवकर विसरलं जात नाही.

मुनिरक्यात दत्तक देणाऱ्यांना सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती शेवटच्या प्रश्नाची. भाडेकरार अकरा महिन्यांचा, शिक्षण काही वर्षांचं, आणि मांजर घरात पंधरा वर्षं सहज जगतं. पुढे काय? अर्जात हा प्रश्न ठळक छापलेला आहे. सोलापूरच्या मुलीने लिहिलं: ‘प्रबंध जमा झाला की दोघंही माझ्यासोबत येतील.’ बाईंनी तेवढ्यावर समाधान मानलं नाही. कसे, असं विचारलं. मग चौकशी झाली. आकासा एअरने नोव्हेंबर २०२२पासून केबिनमध्ये कुत्री-मांजरं न्यायला परवानगी दिली आहे. पिंजऱ्यासकट वजनाची मर्यादा असते, आरोग्याचा दाखला लागतो. दिल्लीहून पुणे विमानाने, पुढे गाडीने सोलापूर, असा बेत ठरला आहे. त्यासाठी कॅरियर माळ्यावर न टाकता खोलीतच उघडा ठेवलेला असतो, रात्रीचं खाणं त्यात दिलं जातं, आणि महिन्यातून एकदा वजन होतं. गुळाचं वजन भराभर वाढतंय. त्याला कोरडं खाणं मोजून द्यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे, आणि रेबीजच्या बूस्टरची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे.