रिकाम्या कॅशेचा भार

इंटरनेटवरील एखादी चालू सेवा एका क्लाउडमधून दुसऱ्या क्लाउडमध्ये हलवायची ठरली, की नियोजनाच्या बैठकीत डेटाबेसची चर्चा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त होते. बँकेचे खाते, तिकिटाचे आरक्षण किंवा रुग्णाचा अहवाल या नोंदी एकदा हरवल्या की परत मिळत नसल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. कॅशेचा विषय मात्र बहुधा शेवटी निघतो आणि ‘ती काय, नव्या जागी आपोआप भरेल’ एवढ्यावर आटोपतो. ती आपोआप भरते हे खरेच आहे. पण ती भरेपर्यंत सगळा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न त्या वाक्यात दडून राहतो, आणि म्हणूनच स्थलांतराची आखणी कॅशेपासून सुरू करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या मोठ्या डेटा सेंटरमधील, वापराप्रमाणे भाडे देऊन घेतलेली संगणकीय यंत्रणा. आणि कॅशे म्हणजे डेटाबेसमधील सतत लागणाऱ्या माहितीची, रॅम या वेगवान स्मृतीत ठेवलेली तात्पुरती प्रत. किराणा दुकानदार रोज खपणारा माल हाताशी ठेवतो आणि क्वचित लागणाऱ्या वस्तूसाठीच गोदामात माणूस पाठवतो, तशीच ही व्यवस्था असते. मागितलेली माहिती कॅशेत सापडली तर त्याला ‘हिट’ म्हणतात, न सापडली तर ‘मिस’, आणि प्रत्येक मिससाठी डेटाबेसकडे जावे लागते. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या संकेतस्थळासाठी लिहिलेली मेमकॅश्ड आणि साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रॅमरने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली रेडिस, या दोन प्रणालींनी ही कल्पना जगभर रुजवली.

कॅशेचे महत्त्व साध्या हिशेबाने ध्यानात येते. शंभरपैकी ९५ मागण्या कॅशेतूनच भागत असतील, तर डेटाबेसकडे फक्त पाच जातात, आणि डेटाबेसची क्षमता खर्चाचा विचार करून त्या पाचांच्याच बेताने ठरवलेली असते. नव्या जागी कॅशे रिकामी असताना सेवा सुरू केली, तर त्याच डेटाबेसवर शंभरच्या शंभर मागण्या, म्हणजे वीसपट भार, एकाएकी येतो. डेटाबेस मंदावतो, उत्तरे वेळेत येत नाहीत, ॲप पुन्हा पुन्हा तीच मागणी करू लागते, आणि ज्या उत्तरांनी कॅशे भरायची ती उत्तरेच न आल्यामुळे ती रिकामीच राहते. हे दुष्टचक्र केवढे महाग पडते, याचे उदाहरण २३ सप्टेंबर २०१० रोजी फेसबुकमध्ये घडले. त्या दिवशी स्थलांतर चालू नव्हते. एका चुकीच्या संरचना-मूल्यामुळे असंख्य यंत्रांनी कॅशेतील नोंद पुसून डेटाबेसकडे धाव घेतली, डेटाबेसकडून आलेली प्रत्येक त्रुटी पुन्हा ‘मूल्य चुकीचे आहे’ अशीच समजली गेली, आणि शेवटी डेटाबेसला श्वास घेऊ देण्यासाठी संकेतस्थळच बंद करावे लागले. फेसबुक सुमारे अडीच तास बंद होते.

अशी जोखीम असूनही सेवा हलवाव्या लागतात, आणि त्याची कारणे नेहमी तांत्रिकच असतात असे नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये परिपत्रक काढून देयक व्यवहारांची सर्व माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली; सुदैवाने तोवर मायक्रोसॉफ्टची पुण्यातील आणि ॲमेझॉन व गूगलची मुंबईतील क्लाउड केंद्रे सुरू झालेली होती. मार्च २०२४ मध्ये रेडिसच्या परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली रेडिसच्या ७.२.४ या आवृत्तीपासून व्हॅल्की हा मुक्त प्रकल्प वेगळा निघाला, आणि असंख्य संस्थांपुढे चालू कॅशे बदलण्याचा प्रश्न उभा राहिला.

रिकाम्या कॅशेच्या प्रश्नावर सर्वांत बारकाईने विचार केलेले उत्तरही फेसबुकच्याच अभियंत्यांनी, २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेमकॅश्डवरील शोधनिबंधात मांडले आहे. नव्या, म्हणजे ‘थंड’ कॅशेत माहिती सापडली नाही, तर ॲपने डेटाबेसकडे न जाता जुन्या, भरलेल्या ‘उबदार’ कॅशेला विचारावे आणि मिळालेले उत्तर नव्या कॅशेत ठेवावे, ही त्यातील मूळ कल्पना. तिच्यामुळे एरवी काही दिवस लागणारे काम काही तासांवर आले. मात्र यात एक सूक्ष्म धोका आहे. एखाद्या ग्राहकाने आपला पत्ता बदलला, डेटाबेसमध्ये नवा पत्ता नोंदला गेला, पण जुन्या कॅशेतील प्रत पुसण्याची सूचना तिथवर पोहोचण्याआधीच कोणी तो पत्ता मागितला, तर जुना पत्ता उबदार कॅशेतून थंड कॅशेत जाऊन बसतो आणि तिथे अनिश्चित काळ राहतो. यावरचा उपाय असा, की थंड कॅशेत एखादी नोंद पुसली गेली की त्यानंतर साधारण दोन सेकंद त्या नोंदीसाठी नवी भर स्वीकारायचीच नाही. भर नाकारली गेली, की डेटाबेसमध्ये अधिक ताजी माहिती आहे हे ॲप ओळखते आणि तेवढी एक नोंद थेट तिथून आणते. सेकंदाला अब्जावधी मागण्या हाताळणाऱ्या प्रणालीचा प्रश्न दोन सेकंदांच्या नकाराने जवळजवळ पूर्ण सुटावा, हे अभियांत्रिकीतील खरोखर सुंदर उत्तर आहे.

रेडिस आणि व्हॅल्कीमध्ये दुसरी वाट उपलब्ध असते, ती म्हणजे नव्या सर्व्हरला जुन्याची ‘रेप्लिका’, म्हणजे सतत अद्ययावत राहणारी प्रतिकृती, बनवण्याची. जुना सर्व्हर प्रथम आपल्या स्मृतीचे संपूर्ण चित्र पाठवतो, नंतर होणारा प्रत्येक बदल ओळीने पाठवत राहतो, आणि दोन्हींतील अंतर नाहीसे झाले की क्षणभर लेखन थांबवून रेप्लिकेला मुख्य सर्व्हरचा दर्जा दिला जातो. यात दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे मधल्या बदलांची शिदोरी साठवणारी जागा, जी रेडिसच्या मूळ मांडणीत केवळ एक मेगाबाइट असते. दोन डेटा सेंटरांमधील जोडणी थोडा वेळ तुटली आणि तेवढ्यात ही जागा भरून वाहिली, तर सगळी नक्कल पहिल्यापासून सुरू करावी लागते. म्हणून ही मर्यादा आधीच वाढवून ठेवणे आवश्यक असते. शिवाय रेडिस ७.४ पासूनच्या डेटा फाइली व्हॅल्कीला वाचता येत नसल्याने रेडिसवरून व्हॅल्कीवर जाण्याची ही वाट ७.२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांसाठीच खुली राहते.

कॅशे एका यंत्रात मावत नसेल, तर रेडिस क्लस्टर तिची १६,३८४ खणांत विभागणी करते आणि प्रत्येक नोंद कोणत्या खणात जाईल हे तिच्या नावावरून गणिताने ठरते. स्थलांतराच्या वेळी हे खण एकेक करून हलवता येतात. खण हलत असताना मागितलेली नोंद जुन्या सर्व्हरवर असेल तर तो ती देतो. नसेल तर ‘या एका मागणीपुरते नव्याला विचारा’ असे सांगतो, आणि खण पूर्ण हलल्यावर ‘यापुढे तिकडेच जा’ असे सांगतो. तात्पुरता आणि कायमचा असा पत्त्यातील फरक यंत्रांनाच कळत असल्यामुळे सेवा कोठेही थांबवावी लागत नाही.

वापरकर्त्यांचा ओघ नव्या जागी वळवण्याचे काम त्यामानाने परिचित आहे. संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएस यंत्रणेत प्रत्येक उत्तराची मुदत ठरलेली असते. ती काही दिवस आधीच तासांवरून एका मिनिटावर आणावी, आणि मग एक टक्का, पाच टक्के असा ओघ वाढवत न्यावा. प्रत्येक टप्प्यावर पुढे जाण्याआधी नव्या कॅशेतील हिटचे प्रमाण जुन्याइतके झाले आहे का, हे पाहिले पाहिजे. हे प्रमाण ९९ वरून ९८ टक्क्यांवर आले तर कागदावर ती किरकोळ घट दिसते, पण डेटाबेसकडे जाणाऱ्या मागण्या तेवढ्यानेच दुप्पट होतात.

परतीची वाट मोकळी ठेवण्यासाठी जुनी यंत्रणा काही दिवस चालू ठेवण्याची पद्धत योग्यच आहे. मात्र कॅशेच्या बाबतीत ती नुसती चालू असून भागत नाही. ओघ नवीकडे गेल्यानंतर होणाऱ्या बदलांची पुसण्याची सूचना जुन्या कॅशेला मिळत नसेल, तर तिच्यातील नोंदी तासातासाने शिळ्या होत जातात, आणि अडचण आल्यामुळे सेवा परत मागे वळवली, की ग्राहकाला त्याचा जुना पत्ता, जुनी शिल्लक आणि रद्द झालेले आरक्षण पुन्हा दिसू लागते. त्यामुळे शेवटचा निर्णय होईपर्यंत पुसण्याच्या सूचना दोन्ही कॅशेंना जात राहिल्या पाहिजेत. ते शक्य नसेल, तर परत फिरण्याआधी जुनी कॅशे रिकामी करून, वर सांगितलेल्या पद्धतीनेच, पण उलट दिशेने, नव्या कॅशेतून ती पुन्हा भरून घ्यावी लागते.