फातिमांमध्ये वाटून दे

दूमा नावाच्या वाळवंटी ठाण्याच्या सरदारानं पैगंबर मुहंमदांना एक रेशमी वस्त्र नजर केलं. पुरुषांना रेशीम वर्ज्य, म्हणून पैगंबरांनी ते जावई अली यांच्याकडे दिलं आणि ते फाडून त्याच्या ओढण्या ‘फातिमांमध्ये’ वाटून टाकायला सांगितलं. ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहात ही नोंद आहे. तीत फातिमा हे नाव अनेकवचनी आलं आहे. एकाच कुटुंबाच्या वर्तुळात इतक्या फातिमा होत्या की कोणत्या ते वेगळं सांगायचीही गरज पडली नाही. भाष्यकारांनी मागाहून हिशेब मांडला: एक पैगंबरांची कन्या, दुसरी अलींची आई फातिमा बिन्त असद, तिसरी पैगंबरांचे काका हमजा यांची मुलगी. चौथी कोण, यावर त्यांचं एकमत नाही.

या नोंदीचं मोल मला फार वाटतं, कारण फातिमा हे नाव इस्लामनं घडवलं या समजाला ती छेद देते. पैगंबरांच्या आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं नाव फातिमा बिन्त अम्र. पुढे दुसरे खलिफा झालेले उमर ज्या बहिणीच्या घरी कुराणाचं पठण ऐकून बदलले, तीही फातिमाच. सहाव्या शतकातल्या मक्केत हे घरोघरचं नाव होतं. आपल्याकडे एके काळी दर आळीत एखादी सखू नाहीतर गंगू असायची, तितकं साधं.

अर्थही तितकाच साधा आहे. अरबी शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूंवर उभे असतात. इथला धातू फ-त-म. त्यातला त जड, जीभ टाळूकडे दाबून उच्चारायचा. देवनागरीत त्याला वेगळं अक्षर नाही. धातूचा अर्थ आईच्या दुधावरून मूल सोडवणं, खेड्यातल्या बोलीत सांगायचं तर दूध तोडणं. दूध सुटलेल्या बाळाला अरबीत ‘फतीम’ म्हणतात. बाळाच्या नावांच्या पुस्तिकांमध्ये मात्र फातिमाचा अर्थ ‘मोहक’ किंवा ‘मन जिंकणारी’ असा छापलेला दिसतो. जुन्या अरबी कोशांत याला आधार नाही. मुलीच्या नावाचा अर्थ रूपाशी जोडलेलाच हवा, या हट्टातून तो आला असावा.

खरा अर्थ मला कितीतरी जवळचा वाटतो. तान्ही मुलं पटापट दगावण्याच्या काळात दूध सुटण्याच्या वयापर्यंत पोहोचणं म्हणजे पहिला मोठा घाट ओलांडणं होतं. कुराणात दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे. म्हणून या नावात लेक जगावी, तिनं ती दोन वर्षं पार करावीत, ही इच्छा आहे असं मानणारे अभ्यासक आहेत. मूल जगावं म्हणून दगडू, धोंडू, भिकू अशी नावं ठेवणाऱ्या महाराष्ट्राला यामागची धास्ती समजावून सांगावी लागत नाही. शिया परंपरेनं याच धातूचा आणखी एक अर्थ लावला: जिला आणि जिच्यावर प्रेम करणाऱ्यांना नरकाच्या अग्नीपासून सोडवलं आहे, ती फातिमा.

मक्केतल्या या घरगुती नावाला जगभर नेलं ते एका व्यक्तीनं. पैगंबर आणि खदीजा यांची ही मुलगी. हसन आणि हुसेन यांची आई. वडिलांच्या पाठोपाठ काही महिन्यांतच, ६३२मध्ये, मदिनेत तिचं निधन झालं. तिच्याविषयी असंख्य कथा आहेत, पण मुस्लिम बायकांच्या रोजच्या जगण्यात मुरलेली कथा जात्याची आहे. दळून दळून हातांना घट्टे पडले, म्हणून कामाला एखादा गडीमाणूस मिळावा हे सांगायला फातिमा वडिलांच्या घरी गेली. ते भेटले नाहीत. रात्री तेच लेकीच्या घरी आले. नोकर त्यांनी दिला नाही. निजण्यापूर्वी ईश्वराचं पावित्र्य तेहतीस वेळा, त्याची स्तुती तेहतीस वेळा आणि त्याची थोरवी चौतीस वेळा उच्चारायला सांगितलं. नोकरापेक्षा हे बरं, असं ते म्हणाले. हीच ‘तसबीह-ए-फातिमा’. नमाजानंतर बोटांच्या पेरांवर ती मोजणाऱ्या आज्या महाराष्ट्रातही घरोघरी सापडतील.

धर्मशास्त्रात या प्रसंगाची चर्चा वैराग्याच्या अंगानं होते. माझं लक्ष मात्र त्या घट्ट्यांवर खिळतं. ज्यांच्या नावानं पुढे एक साम्राज्य ओळखलं गेलं, त्या बाईंचे हात जात्यानं सोलवटले होते, आणि ते लपवावंसं परंपरेला वाटलं नाही. दख्खनमध्ये तर या जात्याला आयतीच जागा होती. आदिलशाही विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दखनीत ‘चक्कीनामे’ रचले गेले. दळताना बायकांनी म्हणायची ही गाणी. जात्याचा दांडा, खुंटा, पाळी यांतून अल्ला आणि पैगंबर समजावून सांगणारी. इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरच्या १९७८च्या ग्रंथात त्यांचा अभ्यास केला आहे. जात्यावर ओव्या म्हणणारी मराठी बाई आणि चक्कीनामा म्हणणारी दखनी बाई यांत अंतर असलं तर फार तर एका भिंतीचं.

निकाहातही हे नाव येतं. फातिमाच्या लग्नात ठरलेला मेहर तोच आपल्या मुलीचा, असं ठरवणारी कुटुंबं ‘महर-ए-फातिमी’ बांधतात. पाचशे दिरहम चांदीचा तो हिशेब आपल्याकडे १३१ तोळे ३ मासे, म्हणजे साधारण दीड किलो चांदी असा लावतात. चांदीचा भाव चढला की ही रक्कम आपोआप चढते. रुपयांत बांधलेला मेहर मात्र वीस वर्षांत क्षुल्लक होऊन बसतो. नव्या पिढीतल्या मुली महर-ए-फातिमीचा आग्रह धरतात तेव्हा श्रद्धेबरोबर हा व्यवहारही त्यांना दिसत असतो, आणि त्यात गैर काहीच नाही.

साम्राज्याचं थोडक्यात सांगतो. फातिमेच्या वंशातले असल्याचा दावा करणाऱ्या इस्माइली इमामांनी ९०९मध्ये आजच्या ट्युनिशियाच्या भागात सत्ता स्थापली, ९६९मध्ये इजिप्त जिंकून कैरो वसवलं आणि ११७१पर्यंत राज्य केलं. इतिहास त्यांना फातिमी म्हणतो. मोठं राजघराणं एका स्त्रीच्या नावानं ओळखलं जावं, ही मध्ययुगात दुर्मीळ गोष्ट. कैरोच्या अल-अजहरचं नावही तिच्या ‘जहरा’, म्हणजे तेजस्वी, या बिरुदावरून आलं असं मानतात. मुंबईच्या भेंडीबाजारातले दाऊदी बोहरा याच फातिमी परंपरेचे वारसदार. कैरोतल्या अल-हाकिम या फातिमी मशिदीचा जीर्णोद्धार १९८०मध्ये पूर्ण झाला तो त्यांचे धर्मगुरू सय्यदना मुहंमद बुऱ्हानुद्दीन यांच्या पुढाकारानं.

महाराष्ट्राच्या खेड्यांत फातिमा पोहोचली ती या साम्राज्याच्या वाटेनं नव्हे, मोहरमच्या पंजातून. ताबुतांबरोबर निघणाऱ्या धातूच्या पंजाची पाच बोटं म्हणजे पंजतन: मुहंमद, अली, फातिमा, हसन, हुसेन. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांच्या भेटी बघायला हिंदू-मुसलमान दोघेही लोटतात. पंजाला नवस बोलणाऱ्यांत कोणकोणत्या जातीचे लोक आहेत हे कुणी विचारत नाही. त्या पाचांत बाई एकच, आणि ती मुलगी, बायको आणि आई अशा तिन्ही नात्यांनी बाकीच्या चौघांना बांधून ठेवते.

उत्तर आफ्रिकेतही असाच हात घराच्या दारावर आणि गळ्यात असतो. स्थानिक लोक त्याला ‘खम्सा’, म्हणजे पाच, म्हणतात; ‘फातिमेचा हात’ ही ओळख युरोपीय भाषांतून जगभर पसरली. याच भागात या नावाची विटंबनाही झाली. अल्जीरियावर राज्य करणाऱ्या फ्रेंच वसाहतवाल्यांच्या घरी धुणीभांडी करणारी मुसलमान बाई कुणीही असो, तिला ‘फात्मा’ म्हणत. तिचं खरं नाव विचारण्याची तसदी मालकीण घेत नसे. हा शब्द सामान्यनाम म्हणून फ्रेंच कोशांत गेला. एका माणसाचं नाव पुसून त्याजागी दुसऱ्याचं पूज्य नाव चिकटवायचं, यात अपमान दुहेरी होता. पण याच अल्जीरियाच्या काबिलिया डोंगरांत लाला फात्मा न’सूमेर नावाची तरुणी फ्रेंच फौजांशी लढणाऱ्यांच्या अग्रभागी होती. १८५७च्या जुलैत, इकडे आपला उठाव पेटलेला असताना, ती पकडली गेली आणि १८६३मध्ये कैदेतच वारली. तिथल्याच फाद्मा आइत मन्सूर या स्त्रीनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, मार्गरेट हे नाव तिला मिळालं; पण तिचं आत्मचरित्र जगानं वाचलं ते फाद्मा याच नावानं.

ख्रिस्ती फातिमा म्हटलं की आपल्याला गोवा आठवतो. गोव्यात, वसईत, मुंबईत फातिमा डिसोझा, फातिमा फर्नांडिस अशी नावं सर्रास आढळतात. अनोळखी माणसाला हा आंतरधर्मीय लग्नाचा मामला वाटतो. याचं उत्तर मात्र पोर्तुगालमध्ये आहे. आठव्या शतकापासून पोर्तुगालच्या मोठ्या भागावर अरब आणि बर्बर मुसलमानांची, ज्यांना युरोप मूर म्हणे, सत्ता होती. ११४७मध्ये लिस्बन त्यांच्या हातून गेलं. ओरेमजवळ एक छोटं गाव फातिमा या नावानं राहिलं. दंतकथा सांगते की गोंसालो एर्मिगेस या सरदारानं फातिमा नावाच्या मूर राजकन्येला पळवलं, तिनं बाप्तिस्मा घेतला, ती ओरियाना झाली, आणि ओरेम हे नाव त्यावरून पडलं. कथा किती खरी हे सोडून देऊ; गावाचं नाव अरबी आहे, एवढं पुरे.

१३ मे १९१७ रोजी या गावाच्या शिवारात मेंढरं राखणाऱ्या लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या तीन मुलांनी सांगितलं की त्यांना तेजस्वी बाईचं दर्शन झालं. ऑक्टोबरपर्यंत महिन्यामहिन्यानं दर्शनं होत राहिली, शेवटच्या दिवशी हजारोंचा जमाव लोटला. १३ ऑक्टोबर १९३० रोजी तिथल्या बिशपनं या दर्शनांना मान्यता दिली आणि मरियामाता ‘फातिमाची माता’ म्हणून जगभर पुजली जाऊ लागली. १३ मे १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे गोळीबारातून वाचले. श्रेय त्यांनी याच मातेला दिलं, आणि त्यांना लागलेली गोळी पुढे तिच्या मूर्तीच्या मुकुटात बसवली गेली.

पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात ही भक्ती झपाट्यानं रुजली. मुलींना ‘मारिया द फातिमा’ असं नाव ठेवलं जाऊ लागलं, आणि रोजच्या वापरात फातिमा तेवढं उरलं. मडगावात फातिमा कॉन्व्हेंट, मुंबईत विद्याविहारला फातिमा हायस्कूल. कोंकणीत भाविक तिला ‘फातिमा सायबीण’ म्हणतात. हे दोनच शब्द जरा निरखून पाहावेत. फातिमा तर अरबी आहेच. सायबीण हे ‘साहिब’चं कोंकणी स्त्रीरूप, आणि साहिब हाही मुळात अरबी शब्द. चर्चमधल्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणारी गोव्याची बाई मरियमला दोन अरबी शब्दांनी हाक मारते. हदीसमध्येही स्वर्गातल्या श्रेष्ठ स्त्रियांत मरियम आणि फातिमा शेजारीशेजारी आहेत. धर्मपंडितांनी जोडली नसती ती जोडी गोव्यात एकाच मुलीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बसून गेली.

पुण्याची फातिमा मात्र एका पत्रातल्या ओळीत आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलं, त्यात आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख आहे. ही फातिमा म्हणजे उस्मान शेख यांच्या घरची फातिमा शेख, असं मानलं जातं. तिच्याविषयी अलीकडे भरपूर लिहिलं गेलं, वादही झाले. माझ्यापुरती ती ओळ पुरेशी आहे: कामाचा भार अंगावर घेतलेली मैत्रीण, आणि तिच्यावर दुरून टाकलेला निर्धास्त विश्वास.

मुंबईनं नंतर आणखी दोघी पाहिल्या. फातिमा बेगम यांनी १९२६मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, आणि भारतातल्या पहिल्या स्त्री-दिग्दर्शक म्हणून त्यांची नोंद झाली. पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची, नायिका जुबेदा ही त्यांचीच लेक. फातिमा जिना वांद्र्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या, कलकत्त्याला दंतवैद्यक शिकून १९२३मध्ये त्यांनी मुंबईत दवाखाना थाटला. पुढे पाकिस्तानात अयुबखानांसारख्या लष्करशहाविरुद्ध अध्यक्षपदाची निवडणूक लढवण्याची हिंमत त्यांनी दाखवली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयात ६ ऑक्टोबर १९८९ रोजी पहिली स्त्री न्यायाधीश बसली, ती केरळच्या फातिमा बीवी. त्याच केरळात मापिळा मुसलमानांच्या तोंडी फातिमाची ‘पात्तुम्मा’ होते. वैकम मुहंमद बशीर यांच्या गाजलेल्या कादंबरीतली शेळी निवेदकाच्या याच नावाच्या बहिणीची आहे.

असं तोंडोतोंडी झिजणं हीच लोकप्रियतेची खरी खूण. सेनेगलमध्ये फातू, मालीत फातुमाता, स्वाहिलीत फातुमा, सोमालियात फादुमो, बोस्नियात फाता, तुर्कस्तानात फात्मा, इराणमध्ये फातेमे, दखनीत फातमाबी. तुर्कस्तानात आजही सर्वाधिक स्त्रिया फात्मा आहेत. पण त्या बहुतेक आई-आजीच्या वयाच्या. तिथल्या नव्या आईबापांची पसंती मध्यंतरी बरीच वर्षं झेनेपला, म्हणजे झैनबला होती. फातिमेच्या एका मुलीचं नावही झैनबच होतं.