चार चाकं, तीन कंपन्या!

शनिवारी सकाळी लोणावळ्याचा प्लॅन फिक्स. बॅगा डिकीत, गाणी रेडी, आणि बघतो तर काय, पुढचा डावा टायर बसलेला! साइडवॉललाच कट गेलेला, म्हणजे पंक्चर काढून भागणार नाही. टायरवाल्याकडे गाडीला होता त्या कंपनीचा टायर नव्हता. ‘साहेब, साइझ सेम आहे ना? मग टाका बिनधास्त. चालून जातं!’ महिनाअखेर, त्यात ईएमआय. आमच्या मुंबईच्या ऑफिसातल्या मित्राने एकच नवा टायर टाकला आणि निघाला.

जाताना काहीच जाणवलं नाही. रविवारी परतताना खंडाळ्याच्या उतारावर पावसाने गाठलं. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, याने करकचून ब्रेक मारला आणि गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली. शेजारची लेन रिकामी होती, म्हणून सोमवारी कँटीनमध्ये हा किस्सा ऐकायला मिळाला.

साइझ सेम, मग प्रॉब्लेम काय?

१८५/६५ आर १५ हा आकडा टायरची रुंदी, उंचीचं प्रमाण आणि रिमचं माप सांगतो. बस्स! रबर किती मऊ, साइडवॉल किती कडक, नक्षीच्या खाचा पाणी किती वेगाने बाहेर फेकतात, हे त्यात कुठेच नसतं. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. इतकंच काय, एकाच कंपनीच्या दोन पॅटर्नमध्येही हा फरक असतो. त्यामुळे ‘ब्रँड तोच आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका, पॅटर्नचं नावही जुळवा.

कोरड्या रस्त्यावर, ऑफिसला जाता-येता हा फरक सहसा कळत नाही. तो कळतो पावसात, जोरात ब्रेक मारल्यावर. मित्राच्या गाडीत डावीकडचा कोरा टायर रस्ता घट्ट धरून होता आणि उजवीकडचा झिजलेला घसरत होता. ज्या बाजूला पकड जास्त, त्या बाजूला गाडी वळणारच.

मग चारही बदलायचे?

घाबरू नका, क्रेडिट कार्ड आत ठेवा. बहुतेक गाड्यांना जोडीचा नियम पुरतो: एका अ‍ॅक्सलवरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे आणि साधारण सारखेच झिजलेले हवेत. एक फाटला तर दोन घ्या. जोडीतला उरलेला चांगला असेल तर स्टेपनीला ठेवा. पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी, हे आदर्श नाही, पण डाव्या-उजव्या भेसळीपेक्षा कितीतरी बरं. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी असेल तर मात्र चारही सारखे हवेत. घेरात थोडा फरक पडला तरी त्या सिस्टीमवर सतत ताण येतो.

नवी जोडी पुढे की मागे?

इथे बहुतेक सगळे चुकतात. ‘इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, मग नवे टायर पुढेच!’ लॉजिक झकास, पण उत्तर चूक. नवी जोडी मागे टाका. ओल्या रस्त्यावर पुढचे टायर घसरले, तर गाडी वळायला कुरकुर करते. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडता आणि बहुतेक वेळा ती सावरते. मागचे घसरले तर गाडीची शेपूट बाहेर जाते आणि ती गरकन फिरते. तेव्हा सावरायला भल्याभल्यांना वेळ मिळत नाही.

आणि ही वेळ येऊच नये असं वाटत असेल, तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर रोटेट करून घ्या. चारही सारखे झिजतात आणि एकदमच बदलता येतात.

टायरवाल्याकडे हे बघाच

• टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. ‘नवा’ टायर किती वर्षं दुकानात पडून होता ते लगेच कळतं.

• साइझपुढचा लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. त्याहून कमी चालणार नाही.

• खाचांच्या तळाशी १.६ मिलिमीटरचे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, की टायर गोटा झाला समजा.

• नवे टायर बसवल्यावर बॅलन्सिंग कराच, अलाइनमेंटही तपासून घ्या.

आणि हवा तो टायर मिळालाच नाही तर? स्टेपनी लावून हळू घरी या. लोणावळा पुढच्या शनिवारीही तिथेच असणार आहे!