वण आणि सहा मिनिटांची चाल

ॲस्बेस्टॉसिस हा फुप्फुसावर पडलेल्या वणांचा आजार आहे. ॲस्बेस्टॉसचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासावाटे वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळायला धावतात, पण लांबट तंतू गिळला जात नाही आणि पचतही नाही. पेशी मरते, तंतू तसाच राहतो, त्याच्यावर दुसरी पेशी येते. हा प्रकार वर्षानुवर्षे चालला की दाह होत राहतो आणि भोवतालचा स्पंजासारखा मऊ भाग चिवट, आखडलेला होतो. धुळीत काम सुरू केल्यापासून धाप जाणवेपर्यंत बहुधा २० ते ३० वर्षे जातात. त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस बहुतेक वेळा निवृत्त असतो आणि त्याच्या कारखान्याला कधीच टाळे लागलेले असते. पडलेला वण कोणत्याही औषधाने जात नाही. उरलेले फुप्फुस राखणे एवढेच हाती असते, आणि ते गोळ्यांपेक्षा मोजमाप, सवयी आणि नोंदी यांवर जास्त चालते.

सुरुवात कामाच्या चौकशीने होते. ‘काय करता?’ या प्रश्नाला ‘घरीच असतो’ असे उत्तर येते आणि विषय संपतो. ‘आजवर कुठे कुठे काम केलंत, तिथे धूळ कसली असायची?’ असे विचारले की खरी माहिती निघू लागते. कोणी सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होता, कोणी बॉयलरच्या वाफेच्या नळ्यांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, कोणी मुंबईच्या दारूखान्यात जहाजे तोडली, तर कोणी गॅरेजमध्ये ब्रेक लायनर घासून हवेच्या झोताने ड्रम साफ केले. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तपासलेल्यांपैकी साधारण पाचांत एकाला हा आजार निघाला होता. चौकशी झाली नाही तर बहुतेकदा क्षयाची औषधे सुरू होतात. जुना खोकला, धाप आणि एक्स-रेवर सावल्या म्हटल्यावर आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी सहा महिन्यांचा कोर्स उरकला जातो.

पाठीवर खाली, बरगड्यांच्या तळाशी स्टेथोस्कोप ठेवून खोल श्वास घ्यायला सांगितले की श्वासाच्या अखेरीस बारीक चरचर ऐकू येते. कानाजवळचे केस बोटांत धरून चोळले तर येतो तसाच हा आवाज. खोकून कफ सुटला तरी तो जात नाही. सीटी स्कॅन करताना रुग्णाला पालथेही झोपवतात. उताणे झोपल्यावर फुप्फुसाचा पाठीकडचा भाग भाराने दबतो आणि त्याची सावली वणासारखी दिसू शकते. पालथे झाल्यावरही जी सावली जागची हलत नाही, ती वणाची.

यानंतर फुंकण्याची चाचणी. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास, आणि मग तंत्रज्ञाचा ओरडा : ‘फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!’ निदान तीन फुंका नीट जुळाव्या लागतात. पहिल्या प्रयत्नात खोकल्याची उबळ येते, दुसऱ्यात ओठांच्या कडेने हवा निसटते. एका दमात एकूण किती हवा बाहेर पडली, तो या आजारातला महत्त्वाचा आकडा. निरोगी माणसातही तो वयोमानाने वर्षाला साधारण २५ ते ३० मिलिलिटरने घटतो. त्याहून बरीच जास्त घट होत असेल तर आजार पुढे सरकतो आहे. एकट्या आकड्यावरून फारसे कळत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर चाचणी करून जुन्या कागदाशेजारी नवा ठेवावा लागतो.

पण रुग्णाला खरोखर काय झेपते, हे सहा मिनिटांच्या चालण्यात दिसते. ३० मीटरचा सपाट व्हरांडा, दोन टोकांना दोन शंकू, वाटेत एक खुर्ची आणि स्टॉपवॉच. झेपेल तेवढे जास्त चालायचे, पळायचे नाही. दमल्यास भिंतीला टेकायला हरकत नाही, पण घड्याळ थांबत नाही. बाजूचा माणूस प्रोत्साहनाची ठरलेली वाक्येच बोलतो, कारण जास्त हुरूप दिला तर अंतर वाढते आणि मागच्या वेळेशी तुलना फसते. बोटाला ऑक्सिमीटर असतो. बसल्या जागी ९५ दाखवणारा आकडा चौथ्या मिनिटाला ८६ वर आलेला असतो, आणि रुग्ण मात्र ‘ठीक आहे’ म्हणतो. दवाखान्यात खुर्चीवर बसवून घेतलेला आकडा या आजारात हमखास दिशाभूल करतो. चाललेले अंतर आणि ऑक्सिजनने गाठलेला तळ, दोन्ही फाइलवर जातात.

आजार आणखी बळावू नये म्हणून पहिली अट म्हणजे धुळीचा संपर्क पूर्ण तुटणे. आत गेलेले तंतू आतच राहतात, त्यामुळे काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. पण नव्या धुळीची भर थांबली तर वाढीचा वेग सहसा कमी राहतो. इथे घराच्या छपराचा प्रश्न येतो. सिमेंटचा पत्रा शाबूत असेल तर त्याखाली राहण्यात धोका कमी. तो ग्राइंडरने कापला, त्याला भोक पाडले किंवा फुटका तुकडा कोरड्या झाडूने झाडला की तंतू उडतात. डागडुजी करायचीच असेल तर पत्रा आधी भिजवावा, आणि ज्याला हा आजार आहे त्याने त्या दिवशी घरात थांबू नये.

विडी-सिगारेट सोडणे ही दुसरी अट, आणि तिच्यात तडजोड नाही. धुराने श्वासनलिकांची स्वतःला झाडून काढण्याची क्षमता मंदावते. शिवाय ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून पुष्कळ जास्त वाढतो. चुलीचा धूरही टाळलेला बरा. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी आणि न्यूमोनियाची डॉक्टरांच्या सल्ल्याने, कारण आखडलेल्या फुप्फुसाला एक साधा न्यूमोनिया महिनोन्महिने मागे नेतो.

श्वसनाचे पुनर्वसन हा उपचार सर्वांत दुर्लक्षित आहे. देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीनदा, दोनेक महिने चालणे, हातापायांचे व्यायाम आणि श्वासाचे तंत्र शिकवले जाते. फुप्फुस त्याने सुधारत नाही, पण स्नायू कमी ऑक्सिजनमध्ये जास्त काम करायला शिकतात आणि धापेची भीती जाते. सकाळची अंघोळच घ्या. वाकून बादलीतून तांब्या उचलायचा, डोक्यावर ओतताना श्वास रोखायचा, मग पाठ चोळायची : यात निम्मा दम जातो. पाटाऐवजी उंच स्टूल घ्यायचे, बादलीही उंचावर ठेवायची, पाणी खांद्यावरून ओतायचे, आणि हात वर नेताना ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. एवढ्या बदलाने अंघोळ पुन्हा एकट्याने जमू लागते. जिना चढतानाही तसेच : श्वास सोडत दोन पायऱ्या, मग थांबा.

औषधांबाबत अपेक्षा बेताची ठेवावी लागते. स्टेरॉइडचा इथे उपयोग होत नाही, दुष्परिणाम मात्र होतात. वण वाढण्याचा वेग कमी करणारे औषध म्हणजे निन्टेडॅनिब. फुप्फुसांचे वण वाढत जाणाऱ्या ६६३ रुग्णांवर १५ देशांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. औषध न घेणाऱ्यांची फुंकण्याची क्षमता वर्षाला सरासरी १८८ मिलिलिटरने घटली. औषध घेणाऱ्यांत ही घट ८१ होती. ही चाचणी ॲस्बेस्टॉसिससाठी खास नव्हती, तरी त्याचे वण वाढताना दिसत असतील तर याच आधारावर औषध दिले जाते. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास, म्हणून गोळी जेवणासोबत घ्यायची आणि यकृताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. पिरफेनिडोन या दुसऱ्या औषधाच्या जर्मनीतल्या चाचणीत ॲस्बेस्टॉसिसचे रुग्णही घेतले होते, पण १२७ जणांवरच ती वेळेआधी थांबली. धाप लागत नसेल आणि आकडे स्थिर असतील तर औषध न देता लक्ष ठेवणे हाच योग्य निर्णय असतो.

बसल्या जागी ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली राहू लागला की घरी ऑक्सिजन देणारे यंत्र लागते. दिवसातून निदान १५ तास, झोपेतही. लांब नळी असेल तर माणूस स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकतो. आखूड नळीने तो पलंगाला बांधला जातो. देवाजवळची समई, उदबत्ती आणि गॅसची शेगडी यांच्यापासून नळी दूर हवी. वीज गेल्यास हाताशी भरलेला सिलिंडर हवा.

ॲस्बेस्टॉसिस हा कायद्याने मान्य झालेला, भरपाईला पात्र असा व्यावसायिक आजार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद तो कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा येईल तोवर जपावी. बंद पडलेल्या कारखान्याचे दफ्तर शोधून मिळतेच असे नाही. म्हणून धुळीत काम केलेल्या प्रत्येकाने पगाराच्या पावत्या, ईएसआयचे कार्ड आणि पीएफचे कागद रद्दीत घालू नयेत. जुन्या एक्स-रेसोबत एकाच पिशवीत ठेवावेत आणि छातीच्या डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी बरोबर न्यावी.