पायातले पंख आणि पोटरीतला गोळा

पावसाळा सरून समुद्र निवळू लागला की माझ्या दवाखान्यात एक वेगळाच वर्ग दिसू लागतो. त्यांना रुग्ण म्हणवत नाही, कारण त्यांना काहीच झालेले नसते. हातात छापील फॉर्म असतो आणि "डॉक्टर, तेवढी सही करा, स्कूबाचा कोर्स करायचाय" असे म्हणत ते खुर्चीत बसतात. आपल्या अलिबाग-मुरूडकडचे पाणी खाड्यांच्या गाळामुळे बहुतेक काळ गढूळ असते. त्यामुळे आपल्याकडची मंडळी मालवण-तारकर्लीला, गोव्याला, नाहीतर थेट अंदमानला जातात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे.

फॉर्मवर दमा, फिट्स, मधुमेह, कान आणि हृदय यांची चौकशी असते आणि ती योग्यच आहे. पण पायांत काय घालणार, हे त्यात कोणी विचारत नाही. मी मात्र अलीकडे आवर्जून विचारतो. त्याला कारणे आहेत.

दोन वर्षांपूर्वी एक पंचविशीचा तरुण लंगडत आला. सुट्टीत डायव्हिंगला गेला होता आणि मित्राचे फिन्स, म्हणजे पायांत घालायचे ते रबरी पंख, घेऊन पाण्यात उतरला होता. मित्राचा पाय एक नंबर लहान. पंधरा मिनिटांत पोटरीत असा गोळा आला की त्याला पाय हलवता येईना, त्यातच प्रवाह त्याला बोटीपासून लांब नेऊ लागला. जोडीदार जवळ होता म्हणून निभावले. "पोहायला येतं हो मला चांगलं," तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता. येत असेलच. आपल्याकडे धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर नुसत्या हातापायांनी पोहून जाणारी मुले आहेत. पण पोहणे वेगळे आणि पायांत वल्हे बांधून पाणी ढकलणे वेगळे.

पंख करतात काय?

बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लहानपणी दोन्ही हातांत लाकडी फळ्या धरून पोहण्याचा प्रयोग केला होता. वेग वाढला, पण मनगटे थकली, असे त्याने स्वतःच नमूद केले आहे. फिन्सचे सगळे शास्त्र या एका अनुभवात आहे. पाते मोठे केले की पाणी जास्त ढकलले जाते, पण तो भार कोणत्या तरी सांध्याला आणि स्नायूला उचलावाच लागतो. आजच्या फिन्सचे पेटंट फ्रान्समधील लुई द कोर्लियू याने १९३३ मध्ये घेतले. त्यानंतर आकार बदलले, रबराच्या जोडीला प्लास्टिक आले, पण हिशेब तोच राहिला.

पाण्याखाली दुप्पट वेगाने जायचे म्हटले तर पाण्याचा विरोध चौपट होतो. म्हणून तिथे घाई करणाऱ्याचे नुकसानच होते. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट असल्याने हवाही दुप्पट लागते. निवांत पाय मारणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेईल असे धरले, तर खाली ४० लिटर लागतात, म्हणजे टाकी तासभराची. चुकीच्या फिन्सशी झगडणाऱ्याला याच्या दुप्पट हवा लागली, तर तीच टाकी अर्ध्या तासाची. राखीव हवा सोडायची ती यातूनच. शिवाय धाप लागली की रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, जीव घाबरा होतो आणि घाबरलेला माणूस पाण्यात चुका करतो. चाळिशीपुढच्यांनी हेही लक्षात ठेवावे की पाण्यात उतरल्यावर पायांतले रक्त छातीकडे सरकते व हृदयावरचा भार वाढतो. त्यात अतिश्रमांची भर नको.

लाथ कोणती, पाते कोणते?

पाय मारण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. पहिली फ्लटर किक. दोन्ही पाय आळीपाळीने वर-खाली. ही हालचाल कमरेपासून, मांडीतून यायला हवी आणि गुडघा किंचितच वाकला पाहिजे. नवशिके सायकल मारल्यासारखे गुडघे वाकवतात, त्यात श्रम होतात आणि अंतर कापले जात नाही. या पद्धतीला मध्यम लांबीचे, थोडे लवचिक पाते बरे. वापराची सवय नसलेल्याने फार ताठ पाते घेतले तर त्याची किंमत पोटरी मोजते.

दुसरी फ्रॉग किक. बेडकासारखे दोन्ही पाय एकदम दुमडून बाहेर फाकवायचे, जवळ आणायचे आणि मग क्षणभर नुसते तरंगत पुढे सरकायचे. यात पाणी मागे ढकलले जाते, खाली नाही, म्हणून तळाचा गाळ उठत नाही. गाळाच्या पाण्यात समोरचे दिसेनासे होणे म्हणजे काय, हे आपल्या खाडीकाठच्या लोकांना सांगायला नको. या लाथेला आखूड, रुंद आणि ताठ पाते लागते. मात्र तिचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. ब्रेस्ट स्ट्रोक पोहणाऱ्यांचा गुडघा दुखतो तोही इथेच. ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरतो त्यांनी फ्लटर किकवरच भर द्यावा.

मधोमध चिरलेल्या पात्याचे फिन्सही मिळतात. ते पायाला हलके लागतात, म्हणून घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या तक्रारी असणाऱ्यांना फ्लटर किकसाठी सोयीचे पडतात. पण फ्रॉग किक, जागेवर वळणे, मागे सरकणे यांत ते कमी पडतात. तिसरी तऱ्हा दोन्ही पाय जोडून माशासारखी लाट मारण्याची. ती श्वास रोखून खोल जाणाऱ्यांची, त्यांची पाती लांबलचक असतात. हौशी स्कूबावाल्याने त्या वाटेला जाऊ नये.

माप घ्यावे कसे?

पादत्राणांप्रमाणे यातही दोन जाती. एकात अनवाणी पाय सरकवायचा, टाच बंद असते. दुसऱ्यात टाचेकडे पट्टा असतो आणि आत निओप्रीनचे बूट घालावे लागतात. उबदार पाण्यात, बोटीवरून उतरायचे असेल तर पहिला प्रकार चालतो. खडपावरून चालत पाण्यात जायचे असेल तर दुसराच घ्यावा. कालवांच्या धारेने चिरलेले पाय मी इतके शिवले आहेत की यावर अधिक लिहीत नाही.

फिन्स घरबसल्या मागवण्यापेक्षा पायांत घालून घ्यावेत, आणि तेही संध्याकाळी. दिवसभराच्या उभ्याने पाऊल थोडे सुजते, सकाळी नेमका बसलेला जोड संध्याकाळी चावतो. बूट वापरणार असाल तर तेच बूट घालून माप पाहा. बसून पाय उचला आणि झटका. फिन डुगडुगला किंवा टाच निसटली तर तो सैल. बोटे दुमडली, हलवता आली नाहीत किंवा पावलाची कमान दाबली गेली तर तो घट्ट. पाच मिनिटे घालून बसा. मुंग्या आल्या तर ठेवून द्या. आयुष्यभर अनवाणी किंवा चपलेत वावरलेल्या माणसाचे पाऊल पुढून पसरट असते, त्यामुळे लांबी जुळली तरी रुंदी जुळतेच असे नाही. अशांना पट्ट्याचा प्रकार बरा. खोल गेल्यावर निओप्रीन दबते आणि पट्टा सैल होतो हे खरे, पण त्यावर उपाय म्हणून किनाऱ्यावरच पट्टा करकचून आवळू नये. स्प्रिंगचा पट्टा असेल तर तो आपोआप जुळवून घेतो.

मधुमेह्यांना वेगळे सांगतो. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फोड आला तरी कळत नाही. पन्नाशीच्या एका गृहस्थांना सहलीत घासलेली टाच घरी आल्यावर चौथ्या दिवशी दिसली, आणि पुढे दीड महिना ते ड्रेसिंगला येत होते. उबदार खाऱ्या पाण्यातले काही जंतू अशा जखमेत झपाट्याने पसरतात. फिन्स काढल्यावर गोड्या पाण्याने पाय धुवा, कोरडे करा आणि बोटांच्या बेचक्यांसह नीट पाहा. मान वळवून तळवा दिसत नसेल तर आरसा घ्या किंवा घरच्यांना पाहायला सांगा. जखम असेल तर पाण्यात उतरूच नका.

गोळा आला तर

फिन घातल्यावर पावलाची बोटे लांब ताणलेली राहतात आणि पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीतच काम करत राहतो. थकवा, गारवा, घट्ट फिन यांनी तो आवळून बसतो. उपाय त्याच्या उलट. थांबा, श्वास सावरा. फिनचे टोक हाताने धरून आपल्याकडे ओढा आणि गुडघा हळूहळू सरळ करा. पोटरी ताणली जाऊन गोळा सुटतो. हात पोचत नसेल तर जोडीदाराला खूण करा. सुटल्यावर लगेच जोरात लाथा मारू नका. पृष्ठभागावर असाल तर जाकिटात हवा भरून आधी तरंगा. ही कृती किनाऱ्यावर बसून दोन-चारदा करून पाहावी. आणखी एक सूचना, फिन्स घालून पुढे चालू नये व शिडी चढू नये. चालायचेच झाले तर मागे मागे.

शेवटची, पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट

माझ्या हातून होता होता राहिलेली चूक सांगतो. अंदमानहून परतलेला एक तरुण गुडघेदुखी घेऊन आला. "नवे फिन्स ताठ आहेत, त्यानेच दुखतंय," त्याने निदान सांगूनच टाकले होते. मलाही ते पटले. गुडघा तपासला तर सूज नाही, दाबून दुखत नाही. तरी मी वेदनाशामक गोळी लिहायला घेतली. तो उठताना म्हणाला, "आणि डॉक्टर, पाऊल जरा बधिर वाटतंय." माझे पेन थांबले. मग विचारले तेव्हा कळले की आदल्या दिवशी त्याने तीन बुड्या मारल्या होत्या, शेवटची दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच विमान पकडले होते.

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन वायू शरीरात विरघळतो. वर येताना तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. तो पुरता निघून जाण्याआधी विमानात बसले तर तिथल्या कमी दाबाने त्याचे बुडबुडे होऊ शकतात, सोड्याची बाटली उघडल्यासारखे. सांधेदुखी, बधिरपणा, अशक्तपणा, चक्कर ही त्याची लक्षणे. यावर मलम नाही आणि गोळीही नाही. शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो आणि दाबकक्षात उपचार करावे लागतात. त्याला ऑक्सिजन लावून त्याच दिवशी मुंबईला पाठवले. तो बरा झाला. पण तो ते वाक्य न बोलता निघून गेला असता तर, हा विचार आजही मला सोडत नाही. प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

म्हणून वाचकांना विनंती. एकच बुडी मारली असेल तर विमानप्रवासापूर्वी निदान १२ तास, अनेक बुड्या मारल्या असतील तर निदान १८ तास जाऊ द्या. बुडीनंतर चोवीस तासांत काहीही दुखले, बधिर झाले, तर डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा की मी डायव्हिंग करून आलो आहे. खोली किती, बुड्या किती, वेळ कोणती, हेही सांगा. फिन्सना दोष नंतर देता येईल.

बाकी समुद्राला भिण्याचे कारण नाही. नीट बसणारे पंख घ्या, सावकाश पाय मारा आणि जोडीदाराला नजरेआड होऊ देऊ नका. आणि हो, फॉर्मवर सही घ्यायला याल तेव्हा फिन्सही सोबत आणा. पायांत घालून पाहू.