दप्तराबाहेरची माणसे

दिवंगत ग्रंथकार वाचकाच्या हाती येतो तो फैसल झालेल्या मुकदम्यासारखा. जबान्या, पुरावा, निकाल, सारे एका रुमालात बांधून ठेवलेले असते. हयात ग्रंथकाराची मिसल मात्र उघडीच राहते, आणि त्याच्याविषयी मोठ्या विश्वासाने बनवलेले मत नवे पुस्तक प्रसिद्ध होताच पुन्हा सुनावणीस घ्यावे लागते. अमिताव घोष यांची 'द सर्कल ऑफ रीझन' ही पहिली कादंबरी १९८६ साली निघाली, तेव्हापासून तीन तपांहून अधिक काळ लोटला, आणि या काळात त्यांच्याविषयीची माझी मिसल बरीच जाड झाली आहे. २०१८ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने, जो इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखकास प्रथमच दिला गेला, त्यांच्या लौकिकावर शिक्कामोर्तब केले हे खरे. परंतु वाचकाचे ममत्व पुरस्कारांच्या हुकुमावर चालत नसते, आणि माझ्या ममत्वाची कारणे तर त्यांच्या काही दोषांतही गुंतलेली आहेत.

पहिली कादंबरी बुद्धिमान होती, पण मनात राहिली नाही. राहिली ती १९८८ ची 'द शॅडो लाइन्स'. विमानातून ढाक्यास जाताना दोन देशांमधील सीमा खाली दिसेल काय, असे विचारणारी त्यातील आजी आता इतकी उद्धृत झाली आहे की तिच्या प्रश्नाची धार गेली. मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा, तुलनेने दुर्लक्षित राहिलेला भाग. निवेदक प्रौढपणी दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात जानेवारी १९६४ ची वृत्तपत्रे चाळतो, कारण लहानपणी कलकत्त्यात त्याने प्रत्यक्ष अनुभवलेली दंगल त्याच्या मित्रांना आठवतच नाही आणि ती खरोखर घडली याचा दाखला त्याला हवा असतो. क्रिकेटच्या कसोटी सामन्याचा मजकूर ठळक आणि माणसे मेल्याचा मजकूर बारीक, अशा त्या पानांतून त्याला हळूहळू उमगते की काश्मिरात हजरतबलच्या पवित्र अवशेषाची चोरी, खुलन्यातील हिंसा, कलकत्त्यातील दंगल आणि ढाक्याच्या गल्लीत झालेला निवेदकाचा काका त्रिदिब याचा मृत्यू ही एकाच साखळीची कडी होती. युद्धांचे इतिहास लिहिले जातात, पण दंगल मात्र सरकारी स्मृतीतून निसटून जाते, ही जाणीव घोष यांनी कोठेही प्रवचन न करता, केवळ कागद उलटणाऱ्या एका माणसाच्या वाढत्या अस्वस्थतेतून उभी केली आहे. हे त्यांना पुढे नेहमीच साधले असे नाही.

'इन अ‍ॅन अँटिक लँड' (१९९२) ही कादंबरी नव्हे. तरीही तिच्यावाचून पुढच्या कादंबऱ्या उमगत नाहीत. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधील कागदांच्या राशीत बाराव्या शतकातील एक पत्र सापडते. ते एडनच्या एका व्यापाऱ्याने मंगळूरात राहणाऱ्या अब्राहम बेन यिजू या ज्यू व्यापाऱ्यास लिहिलेले असते, आणि त्यात बेन यिजूच्या गुलामालाही सलाम कळवलेला असतो. एवढ्याशा धाग्यावरून त्या गुलामाच्या शोधात घोष इजिप्तमधील खेड्यात आणि तुळुनाडूच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे हिंडले. इतिहासाच्या दप्तरात ज्याच्या वाट्याला एक सलाम आला त्या माणसाचे उरलेले आयुष्य कोठे गेले, हा प्रश्न त्यांच्या लेखनाचा खरा उगम आहे असे मला वाटते. १९९५ च्या 'द कलकत्ता क्रोमोसोम'मध्ये हाच प्रश्न त्यांनी रोनाल्ड रॉसला घातला. मलेरियाच्या संशोधनाबद्दल १९०२ चे नोबेल घेणाऱ्या या डॉक्टराच्या प्रयोगशाळेतील झाडूवाली आणि नोकर यांनाच अधिक ठाऊक होते असे कल्पून रचलेली ही रहस्यकथा चतुर आहे. पण उत्तरार्धात ती इतकी गूढ होते की वाचकाला चकवणे हाच हेतू उरतो.

आणि मग २००० साली 'द ग्लास पॅलेस' आली. कोणत्याही मराठी वाचकाला, त्यातही कोकणाशी नाते असलेल्या वाचकाला, ही कादंबरी तटस्थपणे वाचणे अशक्य आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, त्या युद्धास निमित्त झाली ती मुंबईत स्थापन झालेल्या एका सागवानाच्या कंपनीची आणि ब्रह्मी दरबाराची दंडावरून झालेली तक्रार. पदच्युत थिबा राजा, राणी सुपयालत आणि त्यांच्या मुली यांना प्रथम मद्रासेस व पुढे रत्नागिरीस आणून ठेवण्यात आले. (कैदी आणि स्थानबद्ध ठेवण्यास सरकारला रत्नागिरी सोयीची वाटे, १९२४ ते १९३७ या काळात सावरकरही तेथेच होते.) थिबा राजवाडा आम्ही सर्वांनी पाहिला आहे, जांभा दगड आणि सागवान यांची ती प्रशस्त, उदास इमारत १९१० च्या सुमारास पुरी झाली आणि राजा १९१६ मध्ये वारला, म्हणजे आज ज्या वास्तूला त्याचे नाव आहे तिच्यात त्याने आयुष्याची शेवटची थोडीच वर्षे काढली. घोष यांनी रंगवला आहे तो प्रामुख्याने त्याआधीचा काळ: टेकडीवरचा जुना बंगला, हळूहळू अपुरा पडत जाणारा तनखा, भोवती वाढत जाणारी वस्ती, आणि सज्जात उभा राहून दुर्बिणीतून समुद्रावरील गलबते न्याहाळणारा राजा. ज्याच्या पूर्वजांच्या आज्ञेने इरावतीवर नौका चालत, तो परक्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या होड्यांवर नजर ठेवतो आहे, हे चित्र करुण आहेच. पण घोष त्यात थोडा विनोदही मिसळतात आणि म्हणून ते भाबडे होत नाही.

तथापि ग्रंथाचे हृदय राजा नव्हे, राणीबरोबर आलेली अनाथ दासी डॉली हे आहे. राजघराण्याच्या खर्चाचे हिशेब कलेक्टर कचेरीत राहिले, दासींचे कोण ठेवणार? ही पोकळी घोष यांनी भरली, आणि ती भरताना डॉलीला नुसती दुःखिनी केले नाही. मंडाले विसरून गेलेली आणि रत्नागिरी सोडायला घाबरणारी, बंदिवासच ज्यांचे घर बनला आहे अशा माणसांच्या कुळातली ती आहे. थोरल्या राजकन्येला राजवाड्यातील एका मराठी नोकरापासून झालेली मुलगी पुढे मराठी बोलत, हलाखीत, रत्नागिरीतच वयोवृद्ध होऊन निवर्तली, हा इतिहास तेथील लोकांस ठाऊक होता. कादंबरीतील सावंत नावाचा गाडीवान त्यावरूनच आलेला आहे. आमच्या मराठी कादंबरीकारांच्या उंबऱ्याशी पडलेला हा विषय एका बंगाली लेखकाने इंग्रजीत उचलावा, याची मला प्रथम वाचनाच्या वेळी थोडी असूया वाटली होती, आणि ती अद्याप पुरती गेली नाही. कादंबरीचा उत्तरार्ध मलाया, दुसरे महायुद्ध आणि आझाद हिंद सेना असा पसरतो. ब्रिटिश फौजेतील अर्जुनची निष्ठा डळमळते ती प्रकरणे उत्तम आहेत, परंतु पिढ्यांची गर्दी एवढी होते की पात्रे भेटतात आणि ओळख होण्याआधीच निरोप घेतात.

२००४ ची 'द हंग्री टाइड' मला त्या काळी संथ वाटली होती. सुंदरबनातील डॉल्फिनांचा अभ्यास करणारी पिया, दुभाषी कनाई, आणि निरक्षर खेकडेमार फकीर या तिघांच्या कथेला १९७९ मध्ये मरीचझापी बेटावरून निर्वासितांना बळाने हुसकावल्याची हकीकत जोडलेली आहे, आणि ती एका वृद्ध शिक्षकाच्या वहीतून आपल्यापर्यंत येते. पुन्हा एकदा सरकारी दप्तराविरुद्ध एक खाजगी वही. शेवटच्या वादळाचे वर्णन मी तेव्हा साहित्यिक कौशल्य म्हणून वाचले. पुढे २०१६ च्या 'द ग्रेट डिरेंजमेंट'मध्ये घोष यांनी मुंबईवर चक्रीवादळ आले तर काय होईल याचा विचार मांडला, आणि ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. नारळी-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्यानंतरच्या त्या पावसाळ्यात मी ही कादंबरी पुन्हा काढली, तेव्हा तिची संथ लय म्हणजे भरती-ओहोटीचाच वेग आहे हे ध्यानात आले.

'आयबिस' नावाच्या जहाजाभोवती गुंफलेल्या तीन कादंबऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागेल. 'सी ऑफ पॉपीज' (२००८) हा त्यांतील मेरुमणी. नवऱ्याला शोधत गाझीपूरच्या अफूच्या कारखान्यातून चालत जाणारी दीती, आणि अलीपूरच्या तुरुंगात अफूच्या तलफेने मलमूत्रात पडलेल्या चिनी सोबत्याची स्वहस्ते शुश्रूषा करणारा, काल-परवापर्यंत सोवळ्यात वाढलेला जमीनदार नील, हे दोन प्रसंग मला आजच्या भारतीय कादंबरीतील सर्वश्रेष्ठ प्रसंगांपैकी वाटतात. मॉरिशसला निघालेल्या गिरमिटियांचे हे जहाज बिहारी-भोजपुरी माणसांनी भरलेले आहे. त्याच शतकात कोकणातूनही माणसे त्या बेटावर गेली, याची आठवण वाचताना सारखी होत राहते.

'रिव्हर ऑफ स्मोक' (२०११) तर मुंबईच्या वाचकाने आरसा म्हणून वाचावी. तिचा नायक बहराम मोदी हा जहाजे बांधणाऱ्या श्रीमंत मिस्त्री घराण्याचा घरजावई; तो १८३८-३९ मध्ये अफूने भरलेले जहाज घेऊन कँटनला जातो आणि तेथे आयुक्त लिन याच्या बंदी-हुकुमात सापडतो. बंगालची अफू कंपनी सरकारच्या मक्त्याची होती, पण मुंबईहून जाणारा माळव्याचा माल शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेला असे. त्यावर सरकार परवान्याची जकात घेई, आणि नफ्यावर शेठसावकारांच्या पेढ्या उभ्या राहत. ज्यांच्या नावाचे रुग्णालय मुंबईत सर्वांना परिचित आहे ते जमशेटजी जीजीभाई याच व्यापारात श्रीमंत झाले. घोष बहरामला खलनायक करीत नाहीत, आणि सोडूनही देत नाहीत. उदार यजमान, प्रेमळ बाप, आणि आपल्या पेट्यांमधून काय जाते याचा विचार न करण्यात निष्णात झालेला व्यापारी, असा तो मनुष्य आपल्या जवळ येत जातो, आणि त्याचा शेवट म्हणूनच जिव्हारी लागतो.

'फ्लड ऑफ फायर'मध्ये (२०१५) मात्र दप्तराने लेखकावर मात केली. पलटणींच्या हालचाली, तोफा, तहाची कलमे, यांतील प्रत्येक तपशील तपासून घेतलेला आणि बहुधा बिनचूक आहे, परंतु मुक्त व्यापाराचे गोडवे गाणारी पात्रे वकिलासारखी बोलू लागतात आणि झॅकरी रीडसारखा ताजा तरुण एका सिद्धान्ताचे उदाहरण होऊन राहतो. हवालदार केसरीसिंग तेवढा अपवाद: परक्याच्या लढाईत परक्या देशातील माणसे मारताना त्याच्या मनात काय चालले होते हे कोणत्याही खलित्यात नव्हते, म्हणून तेथे घोष यांची लेखणी पुन्हा मोकळी झाली. २०१९ ची 'गन आयलंड' याच्या पुढचे टोक. मनसादेवीच्या कथेपासून व्हेनिसमधील निर्वासितांपर्यंत सारे काही तिच्यात आहे. साप, कोळी, वणवे आणि योगायोग एकामागून एक इतक्या वक्तशीरपणे हजर होतात की ज्या अघटिताने भयचकित व्हावे त्याची वाचकाला सवय होऊन जाते.

नव्याने घोष वाचू पाहणाऱ्या तरुण स्नेह्यांना मी हल्ली क्रम सांगतो तो असा: आधी 'द ग्लास पॅलेस'चा रत्नागिरीपर्यंतचा भाग, मग 'सी ऑफ पॉपीज' सबंध, मग 'द शॅडो लाइन्स', 'गन आयलंड' अगदी शेवटी, आणि तेही पावसाळ्यात निवांतपणा असला तर.