मुलाला इंजिनिअर करताना: सरकारी की खासगी?

बारावीचा निकाल लागला की दुकानदार, लेथवाले, फॅब्रिकेशनवाले बंधू आम्हाला एकच सवाल करतात: मोठे सरकारी विद्यापीठ की लहान खासगी? पुण्याचे सीओईपी १८५४ चे. २०२२ मध्ये ते स्वतंत्र विद्यापीठ झाले. नाव जुने, फी खासगीच्या मानाने कमी, पण सीईटीत गुण अव्वल हवेत. खासगीत प्रवेश सोपा. मात्र चार वर्षांची फी, होस्टेल, मेस एकत्र मांडली तर दुकानाचे भांडवल हलते. हा हिशेब आधीच वहीत लिहावा. वर डोनेशन मागितले तर कॅपिटेशन फीला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात ठेवा.

राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप फेरीतून लागतो. मॅनेजमेंट कोट्यात ती मिळत नाही.

चकचकीत इमारतीला भुलू नका. नॅक संस्थेचे मूल्यमापन करते, एनबीए शाखेचे. मुलाची शाखा एनबीएत आहे का, पाहा. वर्कशॉपमध्ये जरूर जा. लेथवर धूळ असेल तर कारागिराला आणखी काय सांगायचे!

सरकारीत हवी ती शाखा मिळाली तर आम्ही तिकडेच वळू. नाहीच मिळाली, तर दागिने गहाण टाकण्यापूर्वी खासगीतल्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांना फाटकाबाहेर गाठून विचारा.